लग्नाची हळद, खेकड्याची नांगी आणि एव्हो-डेव्हो

प्रश्न आधी थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. कोपरखैरण्याचा एक मुलगा समाजशास्त्रात एमए करतोय, त्याला आगरी लग्नं गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत कशी बदलली यावर प्रबंध लिहायचाय. कुठेतरी एव्हो-डेव्होबद्दल, म्हणजे गर्भ कसा घडतो आणि त्यातून उत्क्रांती कशी होते या शास्त्राबद्दल त्याने वाचलं आणि वाटलं की हे आपल्याला लावता येईल. गाईड म्हणाले ही नुसती उपमा आहे, सोडून दे. आता त्याचं विचारणं असं, की संस्कृतीतला 'जीन' म्हणजे काय धरायचं, शरीराच्या कुठल्या खणात काय घडावं याचा पत्ता सांगणाऱ्या हॉक्स जीनसारखं लग्नात काही असतं का, आणि एवढं करून हाती काही लागतं का की नुसतं शोभेचं.

मी ठाण्यात सव्वीस वर्षं झूलॉजी शिकवलं, त्यातली बरीच वर्षं डेव्हलपमेंटल बायोलॉजीचा पेपर माझ्याकडेच होता. आणि जन्माने घणसोलीची आगरी, आजी धवलारीण होती, म्हणजे गाणी म्हणत लग्नाचे विधी लावणारी. त्यामुळे हा प्रश्न बघून मी चहा बाजूला ठेवला असं म्हणा हवं तर.

पहिलं सांगते, जीन शोधू नका. मी पण शोधला होता. बऱ्याच वर्षांपूर्वी एक लेख लिहिला, त्यात प्रत्येक विधी म्हणजे एक जीन, बदललेला विधी म्हणजे म्युटेशन, असा छान तक्ता केला होता, आणि तपासणाऱ्याने समासात एकच ओळ लिहून परत पाठवला, की यातून आम्हाला आधी माहीत नव्हतं असं काय कळलं? राग आला तेव्हा, पण खरं होतं ते. नुसती नावं बदलून काही होत नाही.

गंमत अशी आहे की एव्हो-डेव्हो जन्मालाच आलं ते अशाच एका तक्रारीतून. विसाव्या शतकातला मोठा काळ उत्क्रांतीचं शास्त्र म्हणजे कुठला जीन लोकसंख्येत वाढला आणि कुठला कमी झाला याचा हिशेब होता. जीन आणि प्राणी यांच्या मध्ये एक गर्भ असतो, तो टप्प्याटप्प्याने घडतो, ही गोष्ट बंद डब्यात ठेवलेली. संस्कृतीच्या अभ्यासात नेमकं हेच झालं. १९७६ ला जीवशास्त्रज्ञ डॉकिन्सने मीम आणला, म्हणजे जीनसारखी एकाकडून दुसऱ्याकडे कॉपी होत जाणारी कल्पना, १९८१ ला काव्हाली-स्फोर्झा आणि फेल्डमन यांनी गणित मांडलं, १९८५ ला बॉईड आणि रिचरसन यांनी ते आणखी पुढे नेलं. कामं मोठी आहेत, वाचाच, पण तिथेही मुख्य प्रश्न हाच की कोण कुणाकडून काय उचलतो आणि मग ते किती पसरतं. एक लग्न, एक भाजी, एक भजन दर वेळी नव्याने उभं कसं राहतं, हा डबा तिथेही बऱ्यापैकी बंदच. डॅन स्पर्बर या मानववंशशास्त्रज्ञाने हे बोलून दाखवलं होतं की माणसं गोष्टी कॉपी करत नाहीत, प्रत्येक जण आपल्या डोक्यात पुन्हा रचतो. मला ते पटलं ते मात्र वाचून नाही, कॅसेटमुळे पटलं.

झालं असं की आजी थकली तेव्हा मी ठरवलं तिचे धवले रेकॉर्ड करायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्याकडे लग्नाचे विधी धवलारीण बाई गाणी म्हणत म्हणत लावते, त्या गाण्यांना धवले म्हणतात. टेपरेकॉर्डर आणला, आजीला खुर्चीत बसवलं, म्हटलं म्हण. आजीला दोन ओळींच्या पुढे आठवेना. मला वाटलं वय झालं. ती चिडून म्हणाली, "मना असं बसून नाय येत गं, हाताला काय तरी दे." मग जातं काढलं, त्याला हळकुंड बांधलं, मूठभर हळद घातली, आणि जातं फिरलं तशी आजी जी सुरू झाली ती कॅसेटची दुसरी बाजू संपली तरी थांबेना. हळद दळून झाली की पुढचं गाणं आपोआप यायचं, सुपात तांदूळ आले की त्याच्या पुढचं. यादी तिच्या डोक्यात नव्हतीच, ती जात्यात आणि सुपात होती.

पुढे माझ्या भाचीने ती कॅसेट ऐकून ऐकून सगळे धवले पाठ केले, आवाजही गोड आहे तिचा, पण एका लग्नात तिला विधी लावायला सांगितले तर ती मध्येच अडकली, कारण कुठलं कधी सुरू करायचं हे कॅसेटमध्ये नव्हतंच. शब्द शंभर टक्के पोचले आणि तरी धवलारीण तयार झाली नाही. मीमवाल्यांच्या हिशेबात ही कॉपी पास झाली असती.

आता हे गर्भात बघा. डोळ्याचं भिंग कसं होतं? मेंदूतून एक फुगवटा बाहेर येतो, तो वरच्या त्वचेला येऊन टेकतो, आणि टेकला तिथली त्वचा जाड होऊन भिंग व्हायला लागते. स्पेमनने १९०१ मध्ये बेडकाच्या गर्भात तो फुगवटा जाळून बघितला तर भिंग झालंच नाही. त्वचेत भिंग होण्याची कुवत होती, पण आधीच्या टप्प्याने येऊन हात लावायला हवा होता. याला इंडक्शन म्हणतात. (पुढे दुसऱ्या एका जातीच्या बेडकात फुगवट्याशिवायही भिंग झालं आणि बराच वाद झाला, म्हणजे काही ठिकाणी एकाच गोष्टीला दोन-दोन इशारे असतात. हे पण लक्षात ठेवा, लग्नात हे पदोपदी दिसतं, भटजी विसरला तर आत्या आठवण करते.) आजीचे धवले हे भिंग, आणि जातं हा तो फुगवटा. म्हणून घराघरातली दळायची जाती गेली आणि पिठाच्या गिरण्या आल्या तेव्हा ओव्या गेल्या त्या कुणी नाकारल्या म्हणून नाही. त्यांना जागं करणारा टप्पाच गेला.

तुमच्या कामाचा पाया हाच असू द्या. कुठला विधी कशाने सुरू होतो, आणि तो झाला नाही तर पुढचं काय काय अडतं.

हॉक्सबद्दल. एडवर्ड लुइस आयुष्यभर फळमाशीवर बसला होता, त्याने चार पंखांची माशी तयार करून दाखवली. माशीला दोनच पंख असतात, मागे दोन छोटे गदेसारखे अवयव असतात तोल सांभाळायला, त्यांना हॉल्टीअर म्हणतात. अल्ट्राबायथोरॅक्स नावाचा हॉक्स जीन तिथे काम करेनासा झाला की हॉल्टीअरच्या जागी अख्खा पंख येतो. आपल्याकडे एल. एस. शशिधरा यांनी हैदराबादला आणि नंतर पुण्याच्या आयसरमध्ये याच जीनवर वर्षानुवर्षं काम केलंय, पंखाचा हॉल्टीअर नेमका कसा होतो यावर. यातून लोकांचा गैरसमज असा होतो की हॉक्स जीन पंख 'बनवतो'. नाही बनवत. तो फक्त सांगतो की बाबा तू आता दुसऱ्या खणात नाहीस, तिसऱ्यात आहेस. बाकीची हत्यारं तीच असतात.

लग्नात असा पत्ता सांगणारी गोष्ट मला विचाराल तर मांडव. तेच अंगण, तीच चूल, तीच माणसं, पण मांडव पडला की ते लग्नघर. मग तिथे हळदीचा अर्थ वेगळा होतो. आणि हळद ही तर आपल्या संस्कृतीचा टूलकिट जीनच समजा, म्हणजे एकच हत्यार ठिकठिकाणी वेगळ्या कामाला. फोडणीत हळद, बोट कापलं तर हळद, जेजुरीला भंडारा म्हणून उधळायची ती हळद, नवरीच्या अंगाला हळद. डिस्टल-लेस नावाचा जीन असाच आहे, किड्यांचे पाय घडवताना तोच लागतो आणि १९९४ मध्ये शॉन कॅरोलच्या लॅबने दाखवलं की फुलपाखराच्या पंखावर डोळ्यासारखे ठिपके येतात तिथेही तोच हजर. कोणी विचारलं की डिस्टल-लेसचा अर्थ काय, तर एकच असं उत्तर नाही, ते कुठे आणि कोणी चालू केला त्यावर आहे. म्हणून प्रबंधात 'हळदीचं प्रतीकात्मक महत्त्व' असा चॅप्टर घालू नका प्लीज, तो दर वर्षी कोणीतरी लिहितोच.

आता टिकतं काय आणि बदलतं काय. याचं एक सरळ उत्तर विल्यम विमसॅट नावाच्या तत्त्वज्ञाने दिलंय, की ज्या गोष्टीवर पुढचं खूप काही उभं आहे ती हलत नाही. ठाणेकराला हे समजवायला लोकल पुरते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली ती साडेपाच फुटी गेजवर. कोळशाचं इंजिन गेलं, १९२५ ला व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी आली, १५०० व्होल्ट डीसीचं २५००० व्होल्ट एसी झालं आणि मधली काही वर्षं दोन्हीवर चालणाऱ्या गाड्या वापरल्या, डबे बदलले, आता एसी लोकल पण आली, आणि रूळ आजही तेवढेच रुंद. कारण पूल, फलाट, बोगदे, डबे सगळं त्या रुंदीवर बसलंय. आणि बेलापूर ते पेंधर मेट्रो बांधली तेव्हा निवांत स्टँडर्ड गेज घेतला, कारण ती जुन्या रुळांना कुठे जोडायचीच नव्हती. खोलवरचा बदल हवा तर बाजूला नवीन काहीतरी उभं करावं लागतं. आमच्याकडच्या मुलामुलींची रजिस्टर लग्नं बघा, जुन्या लग्नात फेरफार करण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही, आधी कोर्टात सह्या करून येतात आणि मग मांडवातलं लग्न जसंच्या तसं, दोन्ही शेजारी शेजारी.

पण 'जे आधी ते पक्कं, जे नंतर ते सैल' हा नियम सरसकट लावू नका, तिथे मी स्वतः पडलेय. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचे गर्भ बघितले तर सगळ्यात सुरुवातीचे टप्पे चक्क वेगवेगळे असतात, कोंबडीच्या अंड्याची पहिली विभागणी आणि बेडकाची, कुठेच साम्य नाही. मग मधल्या टप्प्यावर सगळे एकसारखे दिसायला लागतात, आणि पुढे परत फाटे फुटतात. चित्र काढलं तर डमरू उभा केल्यासारखं, वर रुंद, मध्ये कंबर, खाली रुंद. ड्युबूल आणि राफ यांनी नव्वदच्या दशकात हे मांडलं, आणि कारण असं दिलं की मधल्या टप्प्यात प्रत्येक भागाचं प्रत्येक भागाशी बोलणं चालू असतं, एक हलवलं की सगळं हलतं, त्याआधी आणि त्यानंतर भाग आपापले सुटे असतात.

आता तुमचं लग्न या डमरूवर ठेवा. सुरुवात म्हणजे स्थळ कसं येतं. माझ्या आईचं मामाने आणलं, माझं एका मध्यस्थाने, भाचीचं मॅट्रिमोनी साइटवरून, आणि तिच्या भावाचं इन्स्टावरून आलं असं म्हणतात, खरं खोटं देव जाणे. पूर्ण बदललं. शेवट बघा, रिसेप्शन, स्टेजवरचं फोटोसेशन, गोव्याला जाणं, हे पण पूर्ण बदललं. आणि मधला भाग, मांडव, देवक, हळद, अक्षता, याचा क्रम माझ्या आजीला आज आणून बसवलं तरी ओळखीचा वाटेल. कारण त्या दोन दिवसांत मामा, आत्या, करवली, भटजी, स्वयंपाकघर, सगळ्यांचं काम एकमेकांत अडकलेलं असतं. स्थळ कुठून आलं याच्याशी यातल्या कुणाचंच काही अडत नाही. हे मला फार नीटनेटकं बसतं म्हणून थोडी भीतीच वाटते, तुम्ही मोजून बघा.

गाईडना दाखवायचं असेल तर मात्र मी यापेक्षा अहेराचं उदाहरण देईन, कारण त्यात ही कल्पना कुठे चालते आणि कुठे मोडते दोन्ही दिसतं. गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाही हे आपण म्हणतो, पण तिच्या पायांच्या जोड्या कधी मोजल्यात? काही जातींत १५ असतात, काहींत १९१ पर्यंत जातात, पण एखादा विचित्र अपवाद सोडला तर आकडा विषमच येतो. सोळा जोड्यांची गोम नसते. सोळा जोड्या वाईट म्हणून निसर्गाने अशा गोमा मारल्या असं नाही, ती तयारच होत नाही. एका गोमेच्या गर्भात असं दिसलंय की खंड दोन-दोनच्या हिशेबाने पडत जातात, मग वर एखादा एकटा आला की विषमच होणार ना. म्हणजे निवड व्हायच्या आधीच घडण्याच्या पद्धतीने काही पर्याय कापलेले असतात.

आता अहेर. ५१, १०१, ५०१. विषम! तोही कसा, गोल आकडा अधिक एक. स्टेशनरीच्या दुकानात पाकीट मिळतं त्यावर रुपयाचं नाणं आधीच चिकटवलेलं असतं, तुम्ही आत पन्नास घाला, शंभर घाला, बेरीज विषमच. मी वर्गात हे उदाहरण वर्षानुवर्षं दिलं, मुलं हसायची, छान चालायचं. मग जीपे आलं. पाकीट नाही, नाणं नाही, हवा तो आकडा टाका, पाचशे टाका की सरळ. आणि लोक ५०१ टाकतात. म्हणजे घडवण्याची पद्धत गेली तरी आकडा राहिला, कारण लोकांच्या मनात 'शून्यावर संपवू नये' हे पक्कं आहे, आणि बहुतेक त्या श्रद्धेनेच कधीतरी ते पाकीट बनवून घेतलं असणार. गोमेला आपल्या पायांच्या जोड्या विषम आहेत हे माहीत नसतं. माणसाला माहीत असतं, आणि ते माहीत असणंच पुढच्या वेळी कारण बनतं. गाईड उपमा म्हणतात ते इथे बरोबर आहेत. गर्भात तयार झालेला पाय परत जाऊन स्वतःची रेसिपी बदलत नाही, लग्नात मात्र गेल्या वर्षीच्या लग्नाचा व्हिडिओ बघून पुढचं लग्न ठरतं. शिवाय बेडकाचा जीन खेकड्यात जात नाही सहसा, आणि आपल्याकडे पंजाब्यांची मेहंदी-संगीत सरळ आत शिरलंय. ही तिन्ही बंधनं प्रबंधात पहिल्याच प्रकरणात कबूल करून टाका, मग पुढे कोणी छळणार नाही.

आणि आता ज्यासाठी मी एवढं टाइप करतेय ते. हळद.

नवी मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको. माझ्या लहानपणी हळद म्हणजे घरच्या आणि भावकीतल्या बायका, पाटावर नवरदेव, हळद लावली, आंघोळ, जेवण, संपलं. आज आगरी हळद म्हणजे रस्ताभर मांडव, डीजे, बेंजो, कलाकार, एकसारख्या पिवळ्या साड्या, आणि लग्नाला चारशे माणसं तर हळदीला हजार. लोक सोपं कारण देतात, नवी मुंबई वसवणारी सिडको आली, १९७० नंतर ९५ गावांच्या जमिनी गेल्या, मग त्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे प्लॉट मिळाले, पैसा आला, हळद फुगली. पैसा आला हे खरंय, पण पैसा आला तर सगळंच सारखं फुगायला हवं होतं ना. साखरपुडा का नाही एवढा फुगला? देवक का नाही? नेमकी हळदच का?

ऐरोलीच्या बाजूला ओहोटीला खाडीकाठी उभे राहिलात तर चिखलात ते छोटे खेकडे दिसतात, नराची एक नांगी जवळजवळ त्याच्या अंगाएवढी. ज्युलियन हक्सलीने १९३२ मध्ये अशाच खेकड्यांवरून दाखवलं की अंग वाढतं त्याच प्रमाणात सगळे अवयव वाढत नाहीत, काहींचा वेग वेगळा असतो. श्रीमंती वाढली तर वेगळ्या वेगाने कुठला अवयव वाढेल? जो बाकीच्यांना न धक्का लावता वाढू शकतो तो. लग्नाला मुहूर्त आहे, हॉल तासांवर भाड्याने आहे, भटजीला पुढचं लग्न आहे, तिथे वाढायला जागाच नाही. देवक दोन माणसांचं काम, ते वाढवणार कसं? हळदीची रात्र मात्र सुटी होती, स्वतःच्या दारात, वेळेचं बंधन नाही, दुसऱ्या बाजूच्या पाहुण्यांचा मान सांभाळायचा नाही. म्हणून तिथे फुगलं. हे माझं मत आहे, पण तपासता येण्यासारखं मत आहे, एवढंच मी म्हणते.

याला एक दुसरी बाजू आहे. डग्लस एम्लेन नावाचा शास्त्रज्ञ शेणातल्या शिंगवाल्या भुंग्यांवर काम करतो, २००१ मध्ये त्याने दाखवलं की भुंग्याला शिंग फुटलं की शेजारचा अवयव लहान होतो. डोळ्यांजवळ शिंग असेल तर डोळे लहान, मिशांजवळ असेल तर मिशा लहान, छातीवर असेल तर पंख. कोषात असताना एकाच वेळी एकाच साठ्यातून वाढायचं असतं, दुसरीकडून आणायला काही नसतं. सगळे अवयव थोडे थोडे कमी होत नाहीत, शेजाऱ्यालाच फटका बसतो.

मग हळदीच्या रात्रीचा शेजारी कोण? धवले. तीच वेळ, त्याच बायका, तेच अंगण. डीजे लागला आणि धवलारीण आत माजघरात जाऊन बसली. लोक म्हणतात नवीन पिढीला आवड नाही, इंग्लिश मीडियम, टीव्ही, वगैरे वगैरे. असेल. पण आवड गेली म्हणून धवले गेले असते तर देवकाच्या वेळची, मुहूर्तमेढीच्या वेळची गाणी पण तेवढीच जायला हवी होती, आणि मी बघितलंय तिथे, डीजे नसलेल्या वेळी, म्हाताऱ्या अजून गातात. आवाज बारीक, पण गातात.

याची परीक्षा कशी घ्यायची हा पुढचा प्रश्न. न्युसलाईन-फोलहार्ड आणि विशाउस यांनी हायडेलबर्गला फळमाशीची हजारो म्युटंट कुटुंबं तपासली, कुठला जीन मोडला की अळीचे कुठले पट्टे गायब होतात ते बघत बसले, १९८० च्या त्यांच्या पेपरात असे १५ जीन आहेत, आणि पुढे १९९५ ला लुइससोबत त्यांना नोबेल मिळालं. तत्त्व साधं, एक गोष्ट काढून टाका आणि काय कोसळतं ते बघा. माणसांच्या लग्नात असं करता येत नाही, पण सरकारने करून दिलं. २०२० ला ५० माणसं, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये तर २५ माणसं आणि दोन तास. त्या काळात माझ्या नात्यात पाच लग्नं झाली. पाचही वेळा डीजे नाही, वरात नाही, पंगत नाही. आणि पाचही वेळा हळद लागली, एका ठिकाणी तर गाडीत बसायच्या आधी जिन्यात दोन बोटं लावली, पण देवक आधी आणि हळद नंतर हा क्रम जिन्यातही चुकला नाही. कंबर कुठे आहे ते दिसलं ना? तुमचं वय बघता तुमच्या गावात तेव्हाची पंधरा-वीस लग्नं तुम्हाला सहज सापडतील, घरोघर जाऊन विचारा, काय गाळलं, काय गाळायची हिंमत झाली नाही, आणि बंदी उठल्यावर आधी काय परत आलं. फोटो मागा, तोंडी आठवणीत लोक क्रम सुधारून सांगतात. एवढ्यावरच तुमचं मधलं प्रकरण उभं राहील.

दुसरी परीक्षा जास्त नाजूक आहे आणि मला तीच जास्त आवडते. नायहाउट आणि एम्लेन यांनी १९९८ मध्ये फुलपाखराच्या सुरवंटातून मागच्या पंखांच्या चकत्या काढून टाकल्या, तर पुढचे पंख नेहमीपेक्षा मोठे झाले. शेजारी काढला की दबलेला वाढतो. आता आपल्याकडे रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम २००० सालापासूनचा आहे, पण पाळला जायला लागला तो फार उशिरा आणि तोही सगळीकडे नाही. जिथे पोलीस खरंच येतात तिथे हळद आता संध्याकाळी सहालाच सुरू होते. तर माझा अंदाज बरोबर असेल तर अशा गावांत दहाच्या नंतर काहीतरी दिसायला हवं, आणि आवड गेली हे कारण खरं असेल तर दहानंतर लोक जेवून घरी जातील, बस.

गेल्या सीझनला मी सात हळदींना गेले. पाच ठिकाणी लोक जेवून घरी गेले. दोन ठिकाणी, एक आमच्याच गल्लीत आणि एक दिवा गावात, डीजेवाल्याने वायरी गुंडाळल्या, पोरं पांगली, कानात ती शिट्टी वाजत राहते ना तशी शांतता झाली, आणि पायरीवर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांतली एक हळूच गुणगुणायला लागली, दुसरीने उचललं, मग आतून सूप आणून कोणीतरी मध्ये ठेवलं. गल्लीतल्या हळदीत भाची होती माझ्यासोबत. कॅसेटवाली. तिला पुढची ओळ येत होती, आणि सूप समोर होतं म्हणून असेल, ती कुठेही अडकली नाही. पावणेअकरा ते सव्वाबारा, मी घड्याळ बघितलं होतं.

सातात दोन म्हणजे काहीच नाही हे मला कळतं. तुम्ही तीस-चाळीस हळदी बघा, दहाचा नियम पाळणारी गावं आणि न पाळणारी गावं दोन्ही घ्या, आणि वहीत डीजे किती वाजता बंद झाला ते मिनिटासकट लिहा. सीझन तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो, तोपर्यंत गाईडना तयार करा. घणसोलीतली आमंत्रणं मी मिळवून देते, फक्त पांढरा शर्ट घालून येऊ नका.